कढीपत्त्याला पाणी

ओट्यावर बाटली टेकली तशी ठप्प असा आवाज झाला. स्टीलची बाटली रिकामी असली की टण् वाजते, भरलेली असली की ठप्प. घरात तोवर कुणीच बोललं नव्हतं. आईचं लाटणं थांबलं. बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, पायातले मोजेसुद्धा न काढता. त्यांनी मान वर केली नाही, पण तो आवाज त्यांनी ऐकला, हे मला स्वयंपाकघराच्या दारातूनही दिसलं.

"आज दोघंही असे का आलात?" आईनं विचारलं. "शाळेत काय झालं का?"

"काही नाही," बाबा म्हणाले.

"मृणा?"

"काही नाही," मीही म्हणाले.

रोज या वेळेला बाबा उठायचे, माझी बाटली घेऊन मागच्या दारी जायचे आणि तिच्यातलं पाणी कढीपत्त्याला घालायचे. शिळं पाणी मोरीत ओतलेलं त्यांना चालायचं नाही. त्या दिवशी ते उठले नाहीत. बाटली ओट्यावर तशीच राहिली, आणि आईनं दोनदा विचारलं तरी आम्ही दोघांनी दोनदा 'काही नाही' असंच सांगितलं.

झालं होतं ते सकाळी. पण त्याची सुरुवात जूनमध्ये झाली होती.

मी दहावीत होते. २०१४ साल. येरळा नदीच्या काठचं आमचं तालुक्याचं गाव, शाळा सकाळी सातची. बाबा त्याच शाळेत मराठी शिकवायचे. घरून आम्ही एकाच स्कूटरवर निघायचो, आणि फाटकाशी मी उतरले की तिथून पुढं ते 'सर' असायचे. पाचवीपासूनची सवय. शाळेत मी त्यांना चुकूनही बाबा म्हणत नसे आणि तेही मला 'साळुंखे' अशीच हाक मारत.

जूनमध्ये मुलींच्या बाथरूमचा नळ कुणीतरी मोडला आणि भिंतीवर कोळशानं काहीबाही लिहिलं. कुणी केलं ते सापडलं नाही. मग मुख्याध्यापक जगदाळे सरांनी दाराला कुलूप घातलं. किल्ली शिपाई सदामामांकडं. सदामामांचं स्टूल व्हरांड्यात, मुलांच्या वर्गांसमोर. स्टुलाशेजारी एक वही. किल्ली हवी असेल तर वहीत नाव लिहायचं, इयत्ता लिहायची, जाताना वेळ लिहायची आणि आल्यावर पुन्हा वेळ लिहायची.

सदामामा बिचारे वाईट नव्हते. पण मधल्या सुट्टीत ते चहाला गेले की मुलं ती वही उचलायची.

"करुणा भोसले, नववी अ. अकरा मिनिटं." एकजण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे हसायचे. "काय गं करुणे, वाटेत एसटी बंद पडली का काय?"

आठवड्याभरात वहीत नावं यायची बंद झाली. जगदाळे सर परिपाठाला म्हणाले, "बघा, शिस्त लावली की गरजासुद्धा आपोआप कमी होतात." आम्ही पाणी प्यायचं सोडलं होतं, एवढंच.

मोनाली कुंभार माझ्या बाकावर बसायची. तिची आई शाळेत लहान वर्गांची खिचडी शिजवायची. मोनालीला मराठीत पस्तीसच्या आसपास मार्क पडायचे आणि त्याचं तिला काही वाटायचं नाही. ती गप्प बसायची नाही हाच तिचा दोष. मला ऑगस्टमध्ये उन्हाळी लागली, लघवीला एवढी आग व्हायची की मी शाळेच्या मैदानात रडत बसले. तेव्हा तिनं विचारलं, "घरी सांगितलंस?"

"आईला सांगितलं. धन्याचं पाणी दिलं तिनं."

"आणि सरांना?"

"बाबांना कसं सांगायचं असलं?"

"मग सगळ्यांनाच सांगूया," ती म्हणाली. "नाव न घालता."

तिच्या भावाच्या फोनवर फेसबुक होतं. तिनं एक पान उघडलं, नाव दिलं 'किल्ली'. वहीचा फोटो तिनं काढला, सदामामा घंटा द्यायला गेले तेवढ्यात. लिहिलं मी. शनिवारी दुपारी तिच्या घरी, चाकाशेजारच्या ओल्या मडक्यांत बसून, वहीच्या मागच्या पानावर आधी लिहिलं आणि मग तिनं ते बोटानं एकेक अक्षर शोधत फोनमध्ये घातलं. तिला वेळ लागत होता म्हणून मी हसत होते. ते हसणं मला अजून आठवतं.

सोमवारी सकाळपर्यंत चारशेच्या वर लोकांनी ते पुढं पाठवलं होतं. सांगलीच्या कुठल्याशा पेपरवाल्यानं जगदाळे सरांना घरी फोन केला. त्यानंतर संस्थेच्या सचिवांनी केला.

फोटोच्या कोपऱ्यात एक अंगठा आला होता. मेंदीचा. मोनालीच्या मावसबहिणीचं लग्न झालं होतं त्या आठवड्यात, आणि मेंदी लावून आली म्हणून तिला शुक्रवारीच बाकावर उभं केलं होतं. अख्ख्या शाळेत तसा अंगठा एकच होता.

दुसऱ्या तासाला तिला ऑफिसात बोलावलं. तिसऱ्या तासाला सदामामा वर्गाच्या दारात आले.

"साळुंखे, वर्गप्रमुख ना तू? दहावीच्या निबंधाच्या वह्या घेऊन बोलावलंय. सगळ्या."

त्रेपन्न वह्या होत्या. मी त्या छातीशी धरून, वर हनुवटी टेकवून निघाले. माझी वही वरून तिसरी होती. वाटेत मनात एकच आलं, ती खाली सरकवावी. पण हात मोकळा नव्हता.

ऑफिसात जगदाळे सर टेबलामागं होते. मोनाली भिंतीशी उभी. तिची आई दाराजवळ, हाताला डाळीचं पीठ लागलेलं, पदराला पुसत. आणि खिडकीशी बाबा.

"ठेव तिथं," जगदाळे सर म्हणाले. मी वह्या टेबलावर ठेवल्या. जा असं कुणी म्हटलं नाही, म्हणून तिथंच उभी राहिले.

"आता सर, तुम्हीच सांगा," ते बाबांकडं वळले. "फोटो मी काढला म्हणतीय. कबूल. फोन शाळेत आणला, तेही कबूल. पण लिहिलं कुणी ते सांगत नाही. हिला पस्तीस मार्क. हिला असलं लिहिता येतं का? कुणीतरी शिकवणारं डोकं दुसरं आहे."

"सांग की गं बाई," मोनालीची आई म्हणाली. "का माझ्या पोटावर पाय देतीस?"

"मी कुणाला नाव ठेवलंय का त्यात?" मोनाली म्हणाली. "जे आहे तेच आहे. रोज सकाळी तूच म्हणतीस न्हवं, पाणी पिऊ नको जास्त म्हणून?"

तिच्या आईनं खाली बघितलं.

"बघा भाषा," जगदाळे सर म्हणाले. मग आवाज उतरवून, समजुतीनं, "हे बघ, जिनं लिहिलं तिनं परिपाठाला उभं राहून माफीनामा वाचायचा. पान बंद करायचं. आणि दाखला घेऊन जायचं. संस्थेचा तसा निरोपच आहे. बाकीच्यांना मी सोडून देतो. फोटोबिटो सगळं माफ. पण लिहिणारी मला पाहिजे. शाळेची अब्रू चव्हाट्यावर मांडली तिनं."

दाखला. ऑगस्टच्या शेवटी, दहावीत. म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा, आणि दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात जे लिहितील ते जन्मभर. मला हे सगळं कळत होतं. बाबांनाच हजारदा ते बोलताना ऐकलं होतं मी.

मोनालीनं माझ्याकडं बघितलं नाही. एकदाही नाही.

जगदाळे सरांनी एक छापलेला कागद बाबांपुढं केला. "तुम्ही वीस वर्षं निबंध तपासताय. अक्षर नसलं तरी वाक्यावरून पोर ओळखता, असं तुम्हीच स्टाफरूमला म्हणता. वाचा. मोठ्यानं वाचा, यांनाही कळू दे काय लिहिलंय ते."

बाबांनी चष्मा लावला. वर्गात वाचायचे तसं, प्रत्येक पूर्णविरामाला थांबत वाचू लागले.

"आमच्या शाळेत मुलींच्या बाथरूमला कुलूप आहे. किल्ली हवी असेल तर वहीत नाव लिहावं लागतं. जाताना वेळ लिहायची, आल्यावर वेळ लिहायची. मधल्या सुट्टीत मुलं ती वही मोठ्यानं वाचतात आणि कुणाला किती मिनिटं लागली ते मोजतात. म्हणून आम्ही पाणी पीत नाही. सकाळी सहापासून एकपर्यंत."

ते थांबले. पुढचं वाक्य त्यांनी आधी मनात वाचलं असावं.

"वाचा की," जगदाळे सर म्हणाले.

"माझी बाटली रोज भरलेलीच घरी जाते," बाबांनी वाचलं. आवाज तोच, पण प्रत्येक शब्दानंतर थांबल्यासारखा. "दुपारी ते पाणी कढीपत्त्याला घालतात. आमच्या घरात सगळ्यांत जास्त पाणी कढीपत्ता पितो."

बाहेर पीटीच्या तासाची शिट्टी वाजत होती. बाबांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. पुन्हा लावला. कागदाकडं बघितलं, मग टेबलावरच्या वह्यांच्या ढिगाकडं. वरून तिसरी वही त्यांच्या हातापासून वीतभर लांब होती. मला हाक मारायची होती. सर म्हणावं की बाबा, तेच ठरेना. तोंड उघडलं होतं मी, हे मला नक्की आठवतं.

"मोनालीचंच आहे," बाबा म्हणाले.



"नक्की?" जगदाळे सरांनी विचारलं. "पस्तीस मार्कवाली?"

"मार्क मी कमी देतो. अक्षर वाईट आहे तिचं." त्यांनी कागदाची घडी घातली. "पण लिहिते चांगलं. बघितलंय मी. वह्या उघडायची गरज नाही."

मी बाबांकडं बघत होते आणि ते कागदाची आणखी एक घडी घालत होते, आणि मग आणखी एक, अगदी काडेपेटीएवढी होईपर्यंत. रोज वर्गात उभे राहायचे तेच हे सर, तोच निळ्या रेघांचा शर्ट, सकाळी मीच इस्त्री केलेला. आणि मला ते कुणीतरी दुसरेच वाटत होते.

मोनाली त्यांच्याकडं बघत होती. बराच वेळ. रागानं नाही. फळ्यावरचं गणित समजत नसलं की ती जशी बघायची, तशी. मग तिला ते सुटलं असावं.

"सर म्हणत असतील," ती म्हणाली, "तर माझंच असंल."

तिच्या आईनं तिथंच तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि दुसऱ्या क्षणी तिलाच पोटाशी धरून रडायला लागली. पिठाची बोटं मोनालीच्या निळ्या गणवेशावर उमटली.

"वह्या घेऊन जा, साळुंखे," बाबा मला म्हणाले.

मी वह्या उचलल्या. त्रेपन्न. हनुवटी टेकवली आणि वर्गात परत गेले.

त्या दुपारी आई शेजारी गेली तेव्हा बाबा स्वयंपाकघरात आले. ओट्यावरची बाटली उचलली. मला वाटलं मागच्या दारी जातील. ते माझ्यासमोर बसले आणि झाकण उघडून बाटली माझ्या पुढ्यात ठेवली.

"पी."

मी प्यायले. एका दमात होईना. ते बसून राहिले. अर्धी झाल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कळलं होतं?"

"रोज मीच घालतो ते पाणी," ते म्हणाले. "मला जूनमध्येच कळायला हवं होतं."

मी विचारलं ते हे नव्हतं. त्यांनाही ते माहीत होतं.

"पी सगळं," ते म्हणाले, आणि बाटली रिकामी होईपर्यंत उठले नाहीत.

मोनालीनं माफीनामा वाचला नाही. मंगळवारी परिपाठाला तिला माइकपुढं उभं केलं, ती उभी राहिली, प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, ती तशीच उभी. शेवटी जगदाळे सरांनी तो स्वतः वाचला, तिच्या वतीनं. बुधवारी दाखला दिला.

शनिवारी मी तिच्या घरी गेले. ती माती तुडवत होती, घोट्यापर्यंत पाय भरलेले.

"मी सांगणारे सोमवारी," मी म्हणाले. "जगदाळे सरांना. की मी लिहिलं."

ती तुडवतच राहिली. "आणि काय हुईल?"

"तुला परत घेतील."

"मला फोन आणला म्हणून काढतील. तुला लिहिलं म्हणून काढतील. आणि तुझे बाबा खोटं बोलले हे समद्या शाळेला कळंल. चालंल तुला?"

मी चपलेनं जमिनीवरची माती खरवडत राहिले.

"तवाच बोलली असतीस तर गोष्ट निराळी," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. "मी मुद्दाम बघितलं न्हाई तुझ्याकडं. बघितलं असतं तर लगेच कळलं असतं समद्यांना. म्हटलं, बोलायचं असंल तर तुझं तू बोलशील."

तिनं एक पाय मातीतून काढला. मग हसली, खरंच हसली.

"पण सर म्हणाले बघ, मी चांगलं लिहिते. सहा वर्षांत पहिल्यांदा."

सोमवारी मी गेले नाही. त्यानंतरच्या सोमवारीही नाही.

पुढच्या आठवड्यात बाथरूमचं कुलूप निघालं. स्टाफच्या बैठकीत साळुंखे सर उठून उभे राहिले म्हणे, आणि कुलूप निघेपर्यंत मी वर्गावर जाणार नाही म्हणाले. चार दिवस ते स्टाफरूममध्ये बसून होते. पगार कापला तरी बसून होते. शेवटी सदामामांनी कुलूप काढलं आणि वही अडगळीच्या खोलीत गेली. आम्ही मुली पळत गेलो, हसत, एकमेकींना ढकलत. नवा नळ बसवला होता. मी तिथं आत उभी राहून तोंडावर पाणी मारत राहिले, बाहेरून कुणीतरी दार वाजवेपर्यंत.

बाबा निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणांत तीन जणांनी ही गोष्ट सांगितली. मुलींसाठी कुलूप काढायला लावणारे सर. बाबा व्यासपीठावर हारात मान घालून बसले होते. मी पहिल्या रांगेत होते, मांडीवर दोन वर्षांची रेवा. तिला टाळ्या आवडायच्या. ती वाजवत होती.

मोनाली त्या वर्षी परीक्षेला बसली नाही. पुढच्या वर्षी बसली का ते मला माहीत नाही. तिची आई खिचडी शिजवायला यायची बंद झाली, मग ते लोक मिरजेकडं गेले. त्या पानाचा पत्ता मला अजून पाठ आहे. ते केव्हाच बंद झालंय.

हे सगळं मी आज लिहितेय ते कालच्यामुळं. काल रेवा शाळेतून आली. पहिलीत आहे. दप्तर टाकलं, बूट एकीकडं एक, एकीकडं एक, आणि बाटली ओट्यावर ठेवली. मी कणीक मळत होते, घरात शांत होतं.

ठप्प.

मी वळून बघितलं. बाटली उचलली. गळ्यापर्यंत भरलेली होती.

"रेवू, पाणी का नाही प्यायलीस?"

"बाई म्हणतात सारखं सारखं जायचं विचारायचं नाही," ती म्हणाली. फ्रॉकच्या खिशातून एक खडा काढून ती तो न्याहाळत होती. "मग मी पाणीच पीत नाही. अन्वीपण नाही पीत. आम्ही ठरवलंय."

हात कणकेचेच होते. तसेच मी तिला जवळ घेतलं. "ये, आत्ता पी. माझ्यासमोर. आणि उद्या मी येते बाईंशी बोलायला."

ती गटागटा प्यायला लागली. मध्येच थांबली, ओठावरचं पाणी मनगटानं पुसलं.

"आबांना घेऊन जा ना. आबांनी त्यांच्या शाळेतलं कुलूप काढलं होतं. त्या काकांनी माइकवर सांगितलं होतं, आजी सांगते मला."

"हो."

बाबा आठवडाभर आमच्याकडं आलेत. गॅलरीत बसले होते. वर्तमानपत्राचं पान उलटण्याचा आवाज येत होता, तो अर्ध्यात थांबला.

"पण आई," रेवा म्हणाली, "मुली पाणी पीत नाहीत, हे आबांना कुणी सांगितलं होतं?"